एकदाच वाचलेले वाक्य

सर्वांना सारखे देणे आणि प्रत्येकाला पोहोचेल असे देणे, ही दोन कर्तव्ये दुरून जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पहिले पाळणाऱ्याला लोक न्यायी म्हणतात आणि त्याच्यापुढे आवाज खाली आणतात. दुसरे पाळणाऱ्याला पुष्कळदा पक्षपाती हे नाव पडते. म्हणून सज्जन माणूस बहुधा पहिल्याच्या आश्रयाला जातो आणि आपण धर्म पाळला या समाधानात म्हातारा होतो. ज्याच्यापर्यंत त्याचे देणे पोहोचलेच नाही, तो फार तर गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्याची काही तक्रार नाही, अशी आपली सोयीची समजूत असते. गुरुजींच्या हातून जे घडले ते असेच घडले. त्यांच्या मनात कोणाविषयीही वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

गावची शाळा दोन खोल्यांची. खालच्या वर्गांच्या खोलीत त्या वर्षीच आलेल्या नव्या बाई शिकवीत. वरच्या वर्गाची खोली तीस वर्षे गुरुजींची होती. तेथे बाकांच्या पाच रांगा होत्या आणि त्या रांगांचा एक नियम होता. दर महिन्याच्या चाचणीत जो पहिला येईल तो पहिल्या बाकावर, जो शेवटचा येईल तो शेवटच्या. गावातल्या बड्या घरचे पोर मागे बसले होते आणि गुराख्याचे पोर पुढे बसले होते. गुरुजींनी कधी कोणासाठी रांग मोडली नाही. श्रुतलेखन घालताना ते प्रत्येक वाक्य एकदाच वाचीत. "मी दोनदा वाचत नाही. ज्याचं लक्ष आहे त्याला एकदा पुरतं," हे त्यांचे वाक्य गावातल्या बापांनाही पाठ होते, कारण तेही त्याच बाकांवरून गेले होते.

घरी गुरुजी, त्यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि भावाची बारा वर्षांची मुलगी, एवढी चारच माणसे. गुरुजींची पत्नी लवकर गेली, मूलबाळ नव्हते. भाऊ शेत करी. मुलगी गुरुजींच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसे. तिला सारी पोरे 'होबाई' म्हणत, कारण तिला काहीही विचारले तरी ती मान हलवून "हो" म्हणे.

"होबाई, तू गाढव आहेस का?"

"हो."

"होबाई, उद्या सूर्य उगवणार नाही ना?"

"हो."

पोरे पोट धरून हसत. तीही त्यांच्याबरोबर हसे. गुरुजींना वाटे, पोर साधी आहे, आज्ञाधारक आहे, पण लक्ष म्हणून नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला होता आणि दोन्ही कान वाहू लागले होते. दवाखान्यातून थेंब आणले, कान वाहायचे थांबले, आणि कान बरे झाले असे सारे धरून चालले. तिच्या आईने मात्र एकदा भीत भीत म्हटले होते, "भाऊजी, तिला कमी ऐकू येतं हो."

गुरुजींनी त्याची परीक्षाही घेतली होती. मुलगी अंगणात शेळीपाशी पाठमोरी बसलेली असताना त्यांनी मागून हाक मारली. ती लगेच वळली. "पाहिलंस?" ते भावजयीला म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. मन ठिकाणावर नाही." हाकेने शेळीने मान वळवली होती आणि शेळीची मान पाहून मुलगी वळली होती, हे त्यांच्या ध्यानात यायला पुढे दोन वर्षे जावी लागली.

त्या वर्षी हिवाळा सरता सरताच तळ्याचे पाणी पायऱ्यांखाली गेले. तळ्यातून निघणाऱ्या पाटावर सात जणांची शेते होती. पाटाच्या तोंडाशी फुलवाल्याची बाग, आणि अगदी शेवटी गुरुजींच्या भावाचे कांद्याचे वाफे. पाण्यावरून शब्दाला शब्द लागू लागले, एका सकाळी दोघांनी फावडी उगारली, तेव्हा सातही जण गुरुजींकडे आले.

"घड्याळ तुमचं, शब्द तुमचा," फुलवाला म्हणाला. "आम्ही बुवा मोकळे."

गुरुजींनी प्रत्येकाला तासाची पाळी ठरवून दिली. तेव्हा त्यांचा भाऊ मागून पुढे आला.

"तासाला तास, ते बरोबर आहे दादा. पण तुमचा तास तळ्यापाशी सुरू होतो. पाणी आमच्यापर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागतात. कोरडा पाट आधी आपली तहान भागवतो, मग आम्हाला सोडतो. आमचा तास पाणी शेतात शिरल्यापासून धरा."

फुलवाल्याने पागोटे सारखे केले. "म्हणजे घरच्याला दीड तास. चालेल की! गुरुजी म्हणतील ते चालेल."

'घरच्याला' हा शब्द गुरुजींना काट्यासारखा बोचला. ते म्हणाले, "तास सर्वांना एकच. तळ्यापासून. आणि आपल्या पाळीची हाक आल्याशिवाय कोणी शेताचं मातीचं दार फोडायचं नाही. पाटात जे ओघळतं पाणी असेल ते आधीच्या माणसाचं." कारण पाट शेवटी ओढ्याला मिळे आणि ओढ्याकाठी सहाव्या वाटेकऱ्याचा एक तुकडा होता, त्याचे उरलेले पाणी भावाच्या शेतावरून तिकडे जाई.

घरी येताना भावाने कोरड्या पाटातले एक ढेकूळ पायाने फोडले. मग म्हणाला, "दादा, तुमचा न्याय आमच्या शेतापर्यंत येईस्तोवर आटतो."

"उद्या कोणी बोट दाखवू नये एवढंच मी पाहिलं."

"बोट कोणी दाखवणार नाही. कांदाही कोणी दाखवणार नाही."

पाळी आली की भाऊ तळ्याशी जाऊन पाणी सोडी. भावजय मधल्या टेकाडावर उभी राही. मुलगी शेताच्या तोंडाशी फावडे घेऊन थांबे आणि वेळ होताच दार फोडून, पाटात मातीचा बांध घालून पाणी वाफ्यांत वळवी. हे काम ती इतके चोख करी की बाप कौतुकाने म्हणे, "शाळेतच कुठं जातं हिचं डोकं, देव जाणे." आणि लगेच, "यंदा जर पुन्हा नापास झाली ना दादा, तर शाळा बंद. आत्या कधीची मागतेय तिला. शिवणाच्या दुकानात काज-बटन करील, चार माणसांत राहील."

"तिच्या हाती आहे ते," गुरुजी म्हणत.

वार्षिक परीक्षेच्या पंधरा दिवस आधी नव्या बाई मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत आल्या. वयाने त्यांना लेकीसारख्या, बोलताना पदराचे टोक बोटाला गुंडाळीत.

"गुरुजी, एक विचारू? तुमच्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू येत नाही."

"तिला लक्ष देता येत नाही."

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा ती पेन्सिल खाली ठेवते. तुम्ही वळलात की उचलते. मी आठ दिवस बघतेय."

"आठ दिवस माझ्या खिडकीशी उभं राहण्याचा वेगळा पगार मिळतो का तुम्हाला?"

बाईंचा चेहरा उतरला, पण त्या गेल्या नाहीत. "तिला पुढं बसवा. बोलताना तिच्याकडे बघून बोला. श्रुतलेखन दोनदा वाचा, नाहीतर तिला वाक्यं लिहून द्या आणि अर्थ विचारा. अजून पंधरा दिवस आहेत."

"बाई, या खोलीत तीस वर्षं रांग मोडलेली नाही. आणि ती माझी पुतणी आहे."

"म्हणूनच मोडत नाही का?"

गुरुजींनी खडूची पेटी बंद केली. "परक्याच्या पोरासाठी एक वेळ मोडली असती. घरच्यासाठी मोडली तर मी या गावात कोणत्या तोंडाने फिरू?"

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "तुमचं तोंड तिला दिसतच नाही, गुरुजी. मिशांत बुडालेलं आहे." बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच भीती वाटली असावी, त्या जवळजवळ धावतच आपल्या वर्गात गेल्या.

गुरुजींच्या मिशा हा घरातलाही विनोदाचा विषय होता. ओठांवर त्या छपरासारख्या उतरल्या होत्या. "दादांच्या कपातला अर्धा चहा मिशांतच मुरतो," असे भाऊ म्हणे. त्या संध्याकाळी कोणीतरी तो विनोद केला, पण गुरुजी हसले नाहीत.

परीक्षा झाली. श्रुतलेखनाची दहा वाक्ये गुरुजींनी संथ, स्पष्ट, एकेकदाच वाचली. शेवटच्या बाकावरून मुलगी पुढच्यांची डोकी पाहत होती. डोकी खाली गेली की तीही खाली बघून काही लिही. तोंडी गणितात तिने पाचही प्रश्नांना "हो" असे उत्तर दिले. निकालाच्या दिवशी गुरुजींनी तिचे नाव वाचले तेव्हा त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचे त्यांना त्या क्षणी बरे वाटले. पुढे ज्या ज्या गोष्टींची त्यांना लाज वाटली, त्यांत ते बरे वाटणे सर्वांत वर होते.

भावाने निकालपत्रक घडी करून खिशात ठेवले. "ठरलं मग," तो म्हणाला. "सुट्टी संपली की आत्याकडे." मुलीने मान हलवली. "हो."

सुट्टी लागल्यावर आठच दिवसांनी भावजयीला माहेराहून बोलावणे आले. तिची आई आजारी होती. दोन दिवसांसाठी ती गेली आणि नेमकी दुसऱ्या दिवशी पाळी होती.

"दादा, तुम्ही मधे उभे राहा," भाऊ म्हणाला. "मी पाणी सोडलं की ओरडीन. तुम्ही पुढं ओरडा. एवढंच काम."

दहा वाजून गेले होते. ऊन पांढरे झाले होते आणि पाटाच्या कडेची माती पायाखाली पापडासारखी मोडत होती. टेकाडावर सावली नव्हती. गुरुजींना चक्कर येईलसे वाटले, म्हणून टेकाडाला वळसा घालून पाट जिथे शेताच्या मागून येई, त्या वळणावरच्या झाडाखाली ते थांबले. मुलगी समोर शंभर पावलांवर, टेकाडाकडे तोंड आणि त्यांच्याकडे पाठ करून, फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. पाटातून आधीच्या पाळीचे पाणी बोटभर धारेने ओढ्याकडे चालले होते.

तळ्याकडून भावाची हाक आली. थोड्या वेळाने झाडापाशी पाट भरू लागला. गुरुजींनी तोंडाभोवती हात धरून हाक दिली, "सोड गं!"

मुलगी हलली नाही.

"अगं दार फोड! पाणी आलं!"

पाणी तिच्यापर्यंत पोहोचलेले त्यांना दिसले. ते फुगले, तिच्या पायांना लागले, आणि तिच्यासमोरून वाहत ओढ्याकडे निघाले. मुलीने पायांकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि पुन्हा समोर बघत तशीच उभी राहिली. कांद्याच्या पाती पिवळ्या पडून वाफ्यांत झोपल्या होत्या; त्यांच्या हातभर अंतरावरून पाणी चालले होते आणि त्यांच्याच घरची पोर पहारेकऱ्यासारखी ते जाताना बघत होती.

गुरुजींच्या मस्तकात तिडीक गेली. उद्धटपणा! शाळा सुटली म्हणून हा सूड! चप्पल निसटली तशी टाकून ते बांधावरून तरातरा निघाले. पन्नास पावलांवर ओरडले. वीस पावलांवर ओरडले. अगदी तिच्या पाठीशी येऊन, हात वर उगारून, साऱ्या वर्गाला दचकवणाऱ्या आवाजात त्यांनी तिचे नाव घेतले.

तिच्या वेणीचा केससुद्धा हलला नाही.

उगारलेला हात तसाच राहिला. ऊन पाठीमागून होते. त्यांची सावली, वर केलेल्या हातासकट, मुलीच्या पायांपुढच्या पाण्यावर पडली. तेव्हा ती गर्रकन वळली, दचकली, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत घाईघाईने म्हणाली, "हो."

गुरुजींनी हात खाली घेतला. मुलीने टेकाडाकडे बोट केले. "फडकं नाही हललं," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट आणि जरा मोठा होता. तो तसा कधीपासून झाला होता, हेही त्यांना सांगता आले नसते. "आई पांढरं फडकं हलवते. मग फोडायचं. आधी फोडलं तर चोरी. तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी तिच्या हातातून फावडे घेतले आणि स्वतः दार फोडले. हातांना सवय नव्हती. माती दोनदा परत घसरली. मग तिने फावडे काढून घेतले, तीन घावांत वाट केली आणि पाटात बांध घातला. पाळीची बारा मिनिटे उरली होती. दोन वाफे भिजले.

त्या दुपारी गुरुजींनी तिच्या वह्या काढल्या. जे फळ्यावरून उतरवलेले होते ते सुरेख होते. काना, मात्रा, समास, कशातही चूक नव्हती. जे तोंडी सांगितलेले होते त्या जागी अर्धी वाक्ये, मोकळ्या ओळी, किंवा शेजारणीचे चुकीचे उत्तर चुकीसकट उतरलेले. आणि प्रत्येक अशा पानाखाली तांबड्या शाईत, त्यांच्याच वळणदार अक्षरात, दोनच शब्द होते: 'लक्ष नाही.' पाने उलटत गेले तसतसे ते शब्द येत गेले. दोन वर्षांच्या वह्या होत्या. त्यांनी शेवटची वही पूर्ण पाहिली नाही.

भावजय दुसऱ्या दिवशी परतली. भावाचे पाण्याविषयी सांगून झाल्यावर ती चुलीपाशी बसून राहिली. गुरुजी दारात येऊन उभे राहिले. तिच्याशी बोलायला ते असे कधी उभे राहत नसत.

"फडकं कधीपासून हलवतेस?"

"तापाच्या दुसऱ्या वर्षापासून, भाऊजी. शेतात लांबून बोलवायला लागे तेव्हा."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग राख सारखी करत म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही शेळी दाखवलीत."

थोड्या वेळाने तीच पुढे बोलली, जणू स्वतःशीच. "मी तिला मागून हाक मारत नाही. जमिनीवर पाय आपटते, तिला पायाला कळतं. बोलताना दाराच्या उजेडात तोंड धरते. एका वेळी एकच सांगते. कळलं का विचारत नाही. ती 'हो'च म्हणणार. करून दाखव म्हणते. मला काय येतं भाऊजी, मी अडाणी. पण माझ्याकडे रांग नव्हती ना. एकच पोर होती."

पुढच्या पाळीला गुरुजींनी सातही जणांना बोलावले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "तास आपापल्या शेतात पाणी शिरल्यापासून धरायचा. सर्वांचा."

"वा!" फुलवाला म्हणाला. "शेवटी रक्त पाण्यापेक्षा दाट म्हणायचं."

कोणीतरी हसले. तीस वर्षांत त्यांच्यासमोर असे कोणी हसले नव्हते. गुरुजींनी मान खाली घालून ते ऐकून घेतले आणि नियम बदलला नाही. कांदा मात्र निम्माच वाचला.

मग सुट्टीचे पाच आठवडे त्यांनी मुलीला शिकवले. सकाळी ओट्यावर, उजेड आपल्या तोंडावर घेऊन ते बसत. पहिल्या दिवशी तिने अर्धा तास त्यांच्या ओठांकडे पाहिले आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "मोठ्या काकांचं तोंड दिसत नाही." गुरुजी न्हाव्याकडे गेले. न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला, "गुरुजी, पुन्हा एकदा विचार करा. ही तीस वर्षांची इस्टेट आहे." परतल्यावर मुलगी त्यांना पाहून इतकी हसली की तिला उचकी लागली. भाऊ म्हणाला, "आता सगळा चहा पोटात जाणार बुवा," आणि तोंड फिरवून शेताकडे गेला.

त्यांनी बाईंकडे जाऊन क्षमा मागितली आणि पाटीवर शिकवण्याच्या गोष्टी विचारून घेतल्या, साठीला आलेला विद्यार्थी होऊन. आधी शब्द लिहायचा, मग दाखवायचा, मग बोलायचा. नवे काही सुरू करण्याआधी विषय पाटीवर मांडायचा, म्हणजे ओठांवरचे ओळखता येते. अपूर्णांक त्यांनी तिला वाफ्यांवर दाखवले: एका वाफ्याचे चार भाग, त्यातले तीन भिजले. जे वर्षभरात गेले नव्हते ते तीन दिवसांत तिच्या डोक्यात गेले. त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाच्या पोटातच कळ उठली, कारण तीन दिवसच लागत होते हे आता कळले होते.

"कळलं नाही तर 'हो' म्हणू नकोस," त्यांनी पाटीवर लिहिले. "'काय' म्हण. 'पुन्हा सांगा' म्हण." मुलीने ते वाचले आणि अविश्वासाने त्यांच्याकडे पाहिले. या माणसाला पुन्हा सांगा म्हणायचे?

एके दिवशी ते भावाला म्हणाले, "अजून एक वर्ष दे मला."

भाऊ दोरी वळत होता. त्याने हात थांबवला नाही. "दोन वर्षं दिली होती दादा, तुमच्याच खोलीत. आणि आत्याला शब्द दिलाय."

"तिलाच विचारू."

गुरुजींनी पाटीवर लिहिले: 'शाळेत येशील? पहिल्या बाकावर बसवीन.' मुलीने बराच वेळ पाटी धरून ठेवली. मग म्हणाली, "नाही."

तिच्या तोंडून हा शब्द त्या घरात प्रथमच निघाला.

"पोरं हसतात," ती म्हणाली. "आणि पुढं बसले तर मला कोणी दिसत नाही. मागून सगळी डोकी दिसतात. कोण बोलतंय, कधी लिहायचं, कधी उठायचं, डोक्यांवरून कळतं. पुढं मी कोणाचं बघू?"

म्हणजे आपण दोन वर्षे जिला शिक्षा म्हणून मागे बसवले, तिने त्या शिक्षेतूनच आपल्यापुरती शाळा काढली होती. आणि आता दया म्हणून जी जागा देत होतो, ती पहिलीपेक्षाही वाईट होती. गुरुजींनी पाटी पुसली.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आणि बाईंनी मिळून बाके ओढली. तीस वर्षांत जमिनीवर बाकांच्या पायांचे खळगे पडले होते. बाके त्यांतून निघताना करकरली. पाच रांगा मोडून त्यांनी एक मोठे अर्धवर्तुळ केले, की प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसावे आणि शिक्षक मध्ये, उजेडाकडे तोंड करून उभा राहावा. पहिला कोण, शेवटचा कोण, हे आता त्या खोलीत नुसते पाहून कळणार नव्हते. बाई म्हणाल्या, "खालच्या वर्गातून एक पोरगा वर येतोय, त्याला फळा नीट दिसत नाही. त्याला ही कडेची जागा बरी पडेल." गुरुजींनी मान हलवली. खिडकीपाशी एक जागा त्यांनी कोणासाठी न नेमता ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शाळेसमोर बस थांबायची होती. मुलगी बापाबरोबर पत्र्याची पेटी घेऊन आली. आई वेशीपर्यंत येऊन थांबली होती. तिथूनच तिने हातातले पांढरे फडके हलवले, आणि मुलीने उत्तरादाखल हात हलवला. बाईंनी एक चिठ्ठी आणून भावाला दिली. "आत्याच्या गावी अशा मुलांची शाळा आहे. बाराव्या वर्षी घेतात की नाही माहीत नाही. पण विचारून बघा." भावाने चिठ्ठी वाचली नाही, टाकलीही नाही. निकालपत्रक ज्या खिशात होते त्याच खिशात ठेवली.

मुलगी वर्गाच्या दाराशी गेली. तिने अर्धवर्तुळ पाहिले. एकेका बाकावरून तिची नजर फिरली आणि खिडकीपाशी थांबली. ती आत गेली नाही. "छान झालं," ती म्हणाली, आणि पेटीपाशी परत आली.

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, तोंड रस्त्याकडे. गुरुजी खालून, तिच्या पाठीमागच्या बाजूने, आशीर्वाद म्हणाले. तो रात्रभर त्यांच्या मनात घोळत होता. शब्द नीट जुळवलेले होते. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की त्यांनी तो तिच्या पाठीला म्हटला होता.

यंत्र सुरू झाले होते. ते बसला वळसा घालून, धुरळ्यातून, पलीकडच्या बाजूला गेले आणि तिच्या खिडकीखाली उभे राहिले. ऊन डोळ्यांवर आले तरी तोंड उजेडात धरले. मिशा गेल्यामुळे ओठ उघडे, म्हाताऱ्या मुलासारखे दिसत होते. मग सावकाश म्हणाले.

मुलीने त्यांच्या ओठांकडे बघितले. तिच्या कपाळावर आठी पडली. क्षणभर तिची मान सवयीने हलू लागली, आणि थांबली.

"काय?" ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

आणि तीस वर्षे एक वाक्य एकदाच वाचलेल्या त्या माणसाने, एकेक शब्द उजेडात ठेवावा तसा, पुन्हा सांगितले:

"जिथं जाशील तिथं माणसं तुझ्याकडे तोंड करून बोलोत, बाळ. सुखी राहा."